कापलेला एक टक्का कोणाचा?

पनवेल-उरण पट्ट्यातील शेतकरी कुटुंबाला आज दोन वह्या लागतात. एक शेतीची, दुसरी बांधकामाच्या ठेक्याची. बहुतेक घरांत यातली एकही सापडत नाही. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे भात किती झाले, किती विकले, आवणीच्या मजुरीला किती गेले हे लिहून ठेवण्याची सवय आपल्याकडे कमीच. तीच सवय घेऊन आपली मुले गवंडीकाम, सेंट्रिंग, लादी, प्लास्टर, माती-भराव अशा ठेक्यांत उतरली. या धंद्यात मात्र पैसा हातात पडण्याआधीच कर कापला जातो. तो परत मिळू शकतो, पण मागितला तरच. आणि मागायचा तर हिशेब हवा.

जमीन गेली, ठेका आला

१९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण भागातील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तान फाट्याचा लढा झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के भूखंडाची योजना आली. २०१३ मध्ये ‘नैना’ क्षेत्र जाहीर झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू खुला झाला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली.

या पंचावन्न वर्षांत भूखंड मिळाले, पण नोकरी सगळ्यांना मिळाली नाही. ज्याच्याकडे थोडे भांडवल होते त्याने डंपर, जेसीबी घेतला. ज्याच्या हातात कसब होते तो मिस्त्री झाला. मराठवाडा, विदर्भ, कर्नाटकातून आलेल्या मजुरांच्या टोळ्या घेऊन काम करणारे मुकादमही इथे स्थिरावले. या सर्वांना बिल्डर ‘लेबर ठेकेदार’ म्हणतो. सरकारच्या दप्तरी ते ‘व्यवसाय करणारे’ असतात. स्वतःला मात्र ते अजून मजूरच समजतात. सगळा घोळ इथून सुरू होतो.

मजूर कोण, ठेकेदार कोण?

जो रोजावर जातो तो मजूर. जो चौरस फुटाच्या दराने किंवा ठोक रकमेत काम अंगावर घेतो तो ठेकेदार, मग तो स्वतः थापी हातात धरत असला तरी. ठेकेदाराला पैसे देताना कंपनी, बिल्डर, मोठा कंत्राटदार, सहकारी संस्था, ग्रामपंचायत यांना टीडीएस कापावा लागतो. एका वेळची रक्कम ३० हजारांपेक्षा जास्त असेल किंवा वर्षाची बेरीज एक लाखापेक्षा जास्त झाली तर ही कपात लागते. ठेकेदार एकटी व्यक्ती किंवा एकत्र कुटुंब असेल तर १ टक्का, भागीदारी संस्था वा कंपनी असेल तर २ टक्के. पॅन दिला नाही, किंवा आधारशी न जोडल्याने तो निष्क्रिय झाला, तर थेट २० टक्के. एखादा शेतकरी स्वतःचे राहते घर बांधत असेल तर त्याने गवंड्याचा एक टक्का कापण्याची गरज नाही.

हे दर आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याऐवजी २०२५ चा नवा कायदा आला आहे. कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक त्यात बदलले. आधी कपात आणि नंतर रिटर्नमध्ये हिशेब, ही पद्धत मात्र तीच आहे.

मुकादमाच्या खात्यातले २४ लाख

समजा, एका मुकादमाकडे चौदा माणसांची टोळी आहे. वर्षभरात बिल्डरकडून त्याच्या नावावर २४ लाखांची बिले निघाली, सगळी बँकेतून. त्यातले साडेएकवीस लाख त्याने मजुरीत वाटले. स्वतःच्या श्रमासकट त्याला उरले अडीच लाख. बिल्डरने मात्र २४ लाखांवर एक टक्का, म्हणजे २४ हजार रुपये कापून सरकारात भरले. हे पैसे बिल्डरचे नाहीत आणि अजून सरकारचेही नाहीत. ते मुकादमाच्या महिन्याभराच्या कमाईहून थोडे जास्तच पैसे आहेत.

२०२५-२६ साठी नव्या कररचनेत चार लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही आणि व्यवसायाचे उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्यावर येतो. म्हणजे या मुकादमाने रिटर्न भरले तर २४ हजार पूर्ण परत. नाही भरले तर तिथेच पडून. आणि पॅन दिला नसता तर कपात झाली असती चार लाख ऐंशी हजार. त्याची वर्षाची कमाईच अडीच लाख, मग मजुरांना पैसे द्यायचे कुठून?

याची दुसरी बाजूही पाहा. खात्याच्या संगणकावर त्याच्या पॅनसमोर २४ लाख जमा दिसतात. वाटलेली मजुरी तिथे दिसत नाही. उद्या विचारणा झाली तर साडेएकवीस लाख कोणाला दिले हे त्यालाच सांगावे लागेल. ‘साहेब, रोखीने वाटले’ एवढे उत्तर पुरत नाही. काही ठिकाणी तर एका पॅनवर चार टोळ्यांची बिले निघतात, कारण बाकीच्या तिघांकडे कागद नसतात. ज्याचा पॅन, त्याची मान अडकते. प्रत्येक टोळीप्रमुखाने आपल्या पॅनवर, आपल्या नावाने बिल द्यावे; नाहीतर मोठ्या कंत्राटदाराने मजुरी थेट मजुरांच्या खात्यात टाकावी. ओळखीखातर दुसऱ्याचे बिल आपल्या नावावर घेऊ नये.

सोपी वाट: सहा किंवा आठ टक्के

छोट्या व्यावसायिकाला सविस्तर जमाखर्च मांडावा लागू नये म्हणून कायद्यात अंदाजित नफ्याची सोय आहे. जुन्या कायद्यात हे कलम ४४ एडी म्हणून ओळखले जाई. उलाढाल दोन कोटींपर्यंत असावी. रोख जमा एकूण जमेच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर ही मर्यादा तीन कोटी. बँकेतून आलेल्या रकमेच्या किमान ६ टक्के आणि रोखीने आलेल्या रकमेच्या किमान ८ टक्के नफा दाखवायचा. आपल्या उदाहरणात ६ टक्के म्हणजे १ लाख ४४ हजार. पण प्रत्यक्षात अडीच लाख उरले असतील तर अडीच लाखच दाखवायचे. सहा-आठ टक्के ही खालची मर्यादा आहे.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. या सोयीत एकदा आल्यावर पाच वर्षांच्या आत कमी नफा दाखवून बाहेर पडलात, तर पुढची पाच वर्षे पुन्हा आत येता येत नाही. आणि जो केवळ मजूर पुरवून कमिशन घेतो त्याला ही सोय लागू नाही.

‘रिटर्न भरलं तर किसानचे पैसे बंद होतील ना?’

गावोगाव फिरताना मला सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. या भीतीपायी अनेक शेतकरी पाच-दहा हजारांच्या परताव्यावर पाणी सोडतात. नियम नीट वाचावा. पीएम किसानमधून वगळले आहे ते मागील कर-निर्धारण वर्षात आयकर ‘भरलेल्या’ व्यक्तीच्या कुटुंबाला. रिटर्न भरणे आणि आयकर भरणे या वेगळ्या गोष्टी आहेत. कर शून्य आला आणि कापलेली रक्कम परत मिळाली तर त्या माणसाने आयकर भरला असे होत नाही. उलट रिटर्न न भरणाऱ्याचाच कापलेला कर सरकारजमा राहतो. शिवाय या योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अज्ञान मुले. सज्ञान मुलाने ठेक्यावर कर भरला म्हणून वडिलांचा हप्ता जात नाही. नाव चुकून वगळले गेल्यास आयकर खात्याकडून आलेली परताव्याची सूचना कृषी कार्यालयात दाखवावी. मात्र ज्याला खरोखर कर लागतो त्याने तो भरावा आणि हप्ता सोडावा. तिथे पळवाट शोधू नये.

आणखी एक चुकीचा सल्ला दिला जातो: ‘ठेक्याचे पैसे शेतीचे उत्पन्न म्हणून दाखवा.’ सातबाऱ्यावर वीस गुंठे आणि रिटर्नमध्ये शेतीचे सहा लाख, हे कोणाला पटणार? शिवाय टीडीएस ठेक्याच्या नावाखाली कापलेला दिसतोच. बाकीचे उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल आणि शेतीचे पाच हजारांवर, तर शेतीचे उत्पन्न कराचा दर ठरवताना हिशेबात धरतात. म्हणून भातविक्रीच्या पावत्याही जपून ठेवाव्यात.

वीस लाखांची रेघ

आयकराच्या शेजारी जीएसटी उभा आहे. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी करावी लागते. इथे नफा पाहत नाहीत, बिलांची बेरीज पाहतात. म्हणजे आपला अडीच लाख कमावणारा मुकादम २४ लाखांच्या बिलांमुळे या रेघेपलीकडे गेला. बिल्डरच्या इमारतीवरच्या लेबर ठेक्याला १८ टक्के जीएसटी लागतो. तो बिलात वेगळा दाखवून बिल्डरकडून घ्यायचा असतो. नोंदणी केली नाही तर पुढे व्याजासह तो खिशातून भरण्याची पाळी येते. सुटे एकच घर बांधण्याच्या निव्वळ मजुरीच्या ठेक्याला मात्र माफी आहे. बिले पंधरा-सोळा लाखांवर गेली की सल्लागाराकडे जावे, वीस लाखांची वाट पाहू नये.

ग्रामपंचायतीने काय पाहावे

गटार, रस्ता, अंगणवाडीच्या कामाचे बिल देताना ग्रामपंचायत टीडीएस कापते. पण कापणे म्हणजे अर्धे काम. रक्कम मुदतीत भरणे, तिमाही विवरणपत्रात ठेकेदाराचा बरोबर पॅन टाकणे आणि त्याला दाखला देणे हे उरलेले अर्धे. पॅनचा एक अंक चुकला तर पैसे दुसऱ्याच्या नावावर दिसतात आणि गरीब ठेकेदार हेलपाटे घालतो. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी दर तिमाहीला हे एकदा ताडून पाहिले तर गावच्या माणसाचे पैसे वाचतील.

इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे काम करणाऱ्या बांधकाम कारागिराच्या मजुरीतून नोंदणी असल्यास २० आणि नसल्यास ३० टक्के कापतात. पण तिथे कापणाऱ्याला दर महिन्याला कपातीचा लेखी तपशील कारागिराच्या हाती द्यावा लागतो. आपल्याकडे कपात फक्त एक टक्का, पण दाखला मागितल्याशिवाय मिळत नाही. तो मागण्याची सवय लावून घ्यावी.

आता करायचे काय?

पहिले, वही. एका पानावर जमा: तारीख, कोणाकडून, बिल किती, टीडीएस किती, अनामत म्हणून किती रोखले, हाती किती आले. समोरच्या पानावर हजेरी, उचल आणि मजुरी, सहीसह. शक्य तेवढी मजुरी बँकेतून द्यावी. हीच हजेरी मजुराच्याही कामाची. बांधकाम कामगार मंडळात नोंदणीसाठी मागील बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. १९९६ च्या कायद्यातली ही तरतूद २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. वहीत दिवस असतील तर दाखला देणाऱ्याचा हात अडत नाही.

दुसरे, उतारा. जमिनीचा जसा सातबारा, तसा कापलेल्या कराचा उतारा आयकर खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या पॅनखाली दिसतो. जुन्या कायद्यात त्याला फॉर्म २६ एएस म्हणत. वहीतली कपात आणि उताऱ्यातली कपात जुळते का हे वर्षातून चार वेळा पाहावे. जुळत नसेल तर काम चालू असतानाच बिल्डरकडे तगादा लावावा. शेवटचे बिल निघाल्यावर कोणी दाद देत नाही. कपात आपल्या बिलातून झाली असेल तर तोच कर पुन्हा आपल्याकडून मागता येत नाही, पण त्यासाठी कपातीचा पुरावा हातात लागतो.

तिसरे, रिटर्न. मुदत उन्हाळ्यानंतर, आवणीच्या धामधुमीत येते, म्हणून तारीख आधीच विचारून घ्यावी. चुकल्यास ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचे रिटर्न भरता येते, प्रसंगी दंडासह. त्यानंतरच्या अद्ययावत रिटर्नमध्ये परतावा मिळत नाही. वर्षात २५ हजार किंवा जास्त टीडीएस कापला असेल तर उत्पन्न कमी असले तरी रिटर्न सक्तीचे आहे. संकेतस्थळावर स्वतः भरायला फी नाही. जमत नसेल तर गावच्या सेवा केंद्रात किंवा करसल्लागाराकडे जावे. ‘परताव्यातले निम्मे माझे’ म्हणणाऱ्याकडे मात्र जाऊ नये. पासवर्ड, बँक खाते आणि मोबाइल क्रमांक आपलाच ठेवावा.

दोन-तीन वर्षांची रिटर्न हाती असली की बँक मिक्सर मशीन किंवा टेम्पोसाठी कर्जाचा विचार करते. नाहीतर मुकादमाची उचल आणि सावकाराचे व्याज सुटत नाही. जमिनीच्या मोबदल्याचा कागद न कागद इथल्या शेतकऱ्याने जपला, म्हणून साडेबारा टक्क्यांचा हक्क त्याला मांडता आला. घामाच्या पैशाचाही कागद तसाच जपावा.