'सोबत' आणि 'ऐवजी'

खारघरला सेक्टर २२ मध्ये टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक आहे. देशभरातले पेशंट तिथे येतात. आपण नवी मुंबईकर मात्र कॅन्सरवरचा सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवरून घेतो! घरात कुणाला निदान झालं की दुसऱ्या दिवसापासून फॉरवर्ड सुरू. गव्हांकुराचा रस, हळद आणि अर्थातच कपालभाती. "रोज अर्धा तास कर, गाठ विरघळते." सांगणारे आपलेच काका-मावश्या असतात, तळमळीनं सांगतात. त्यामुळे तोडून बोलताही येत नाही.

यावर आपल्या पिढीच्या दोन ठरलेल्या प्रतिक्रिया. एक : योगबिग सगळी थापेबाजी. दुसरी : आपल्या पूर्वजांना सगळं आधीच ठाऊक होतं. मला दोन्ही आळशीपणाच्या वाटतात, कारण दोन्हींत मोजायचे कष्ट नाहीत. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, तेच मुळी योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत तपासण्यासाठी. एक्स-रे वगैरे काढून! म्हणजे मोजायची सवय आपल्याकडे शंभर वर्षं जुनी आहे.

कॅन्सरच्या बाबतीत हे मोजायचं काम टाटा मेमोरियलनं केलं. स्तनाच्या कॅन्सरच्या ८५० स्त्रियांवर त्यांनी रँडमाइज्ड चाचणी घेतली. डिसेंबर २०२२ मध्ये डॉ. नीता नायर यांनी तिचे निष्कर्ष अमेरिकेत सॅन अँटोनियोच्या परिषदेत मांडले. आजार न उलटता जगण्याच्या प्रमाणात १५ टक्के आणि एकूण जगण्याच्या प्रमाणात १४ टक्के सुधारणा, असे ते आकडे होते.

आता इथे जरा थांबा मंडळी. हे १५ टक्के सापेक्ष आहेत. समजा, शंभरातल्या वीसजणींचा आजार उलटणार असेल, तर ढोबळमानानं तो आकडा सतरावर येईल. याला चमत्कार म्हणत नाहीत. शिवाय ही एकच चाचणी आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, यातला योग नेहमीच्या उपचारांच्या जोडीला होता. आसनं सोपी, मध्ये मध्ये विश्रांती, आणि सगळा कार्यक्रम डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि योगतज्ज्ञांनी मिळून आखलेला.

'सोबत'चं 'ऐवजी' झालं की काय होतं, त्याचेही आकडे आहेत. येल विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१८ सालचा अभ्यास सांगतो की, बरा होण्याजोगा कॅन्सर असून ज्यांनी फक्त पर्यायी उपचार घेतले, त्यांच्या मृत्यूचा धोका अडीच पट होता. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर पाच पटींहून जास्त. त्याच वर्षीचा त्यांचा दुसरा अभ्यास आणखी डोळे उघडणारा आहे. ज्यांनी डॉक्टरांचे उपचार घेतले पण जोडीला पूरक उपचारही केले, त्यांच्यातही धोका दुप्पट दिसला. का? तर त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी मधूनच केमो, रेडिएशन किंवा ऑपरेशन नाकारलं होतं. म्हणजे 'सोबत' म्हणून सुरू झालेलं कधी 'ऐवजी' होतं, ते घरच्यांनाही कळत नाही. माझी खरी भीती हीच आहे.

मग योग करावा की नाही? करावा, पण आपल्या ऑन्कॉलॉजिस्टला विचारून. कॅन्सर हाडात पसरला असेल तर पाठ पिळणारी आसनं धोक्याची. पांढऱ्या पेशी घसरल्या असतील तर गर्दीचा क्लास नको. ऑपरेशननंतर हात किती उचलायचा, ते डॉक्टर सांगतील. कॉलनीतल्या योगा क्लासच्या सरांना आपले रिपोर्ट ठाऊक नसतात, त्यात त्यांची चूक नाही.

थकवा, चिंता, झोप, वेदना यांतल्या फायद्याची अपेक्षा ठेवायला हरकत नाही. वेदना आणि चिंता-नैराश्यासाठी तर अमेरिकन ऑन्कॉलॉजिस्टांच्या २०२२ आणि २०२३ च्या मार्गदर्शिकांमध्येही योगाला जागा आहे. केमो चालू असताना रात्री चार तास सलग झोप लागणं ही काही छोटी गोष्ट नाही हो!

आणि एक. योगानं गाठ विरघळते म्हटलं की त्याची दुसरी बाजूही आपोआप येते : आजार उलटला, म्हणजे तूच नीट केला नसशील. आधीच खचलेल्या बाईवर हे ओझं टाकायचा हक्क कुणालाही नाही. औषध लागू पडलं नाही तर आपण पेशंटला दोष देतो का? मग इथेच का?

माझं म्हणणं एवढंच की, योगाचा सल्ला डिस्चार्ज कार्डावर यावा. कोणती आसनं, किती वेळ, काय टाळायचं, सगळं गोळ्यांच्या यादीखाली लिहिलेलं. तोवर पुढचा फॉरवर्ड आला तर काकांना प्रेमानं एकच प्रश्न विचारा, "काका, हे केमोसोबत की केमोऐवजी?" उत्तर 'ऐवजी' असेल, तर तो मेसेज तुमच्यापाशीच थांबवा.