अभ्यास मुलाचा, दाखले आईबापांचे

बारावीचं वर्ष लागलं की जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या घरांत एक ठरलेला बंदोबस्त सुरू होतो. टीव्ही बंद, लग्नकार्यांना पोरानं यायचं नाही, मोबाईल कपाटात, आणि ऐपत असली-नसली तरी उसाच्या बिलातून पुण्याच्या एखाद्या क्लासची फी भरून त्याला तिकडे खोलीवर ठेवायचं. यामागे माया आहे आणि मोठा त्यागही आहे. एका टोमॅटोच्या तोड्यावर वर्षाची गणितं बसवणाऱ्या घरानं क्लासचे पैसे उभे करायचे, तर पोटाला चिमटा घेऊनच. तरीही माझं म्हणणं असं आहे की हा बंदोबस्त भलत्याच जागी लागलेला आहे. अभ्यास मुलाचा आहे आणि त्यावर पहारा ठेवून पालकाच्या हाती फारसं काही लागत नाही. दाखले, जात पडताळणी, पैशाचा हिशेब, पसंतीक्रम, प्रवेशफेऱ्यांच्या तारखा ही कामं मात्र सतरा वर्षांच्या मुलाला एकट्याला उरकणारच नाहीत, आणि नेमकी तीच निकाल लागेपर्यंत कुणाच्याही अंगावर नसतात.

पहिला आक्षेप लगेच येईल तो असा की मागे लागल्याशिवाय पोरं पुस्तक उघडत नाहीत. वरवर हा अनुभवाचा बोल वाटतो, पण पुरावा त्याच्या बाजूनं नाही. नॅन्सी हिल आणि डायना टायसन या अमेरिकी संशोधक महिलांनी २००९ साली पालकांच्या सहभागावरच्या ५० अभ्यासांचा एकत्र ताळा मांडला. मुलाच्या गृहपाठात हात घालण्याचा यशाशी चांगला संबंध त्यांना दिसला नाही. सर्वांत ठळक संबंध दिसला तो वेगळ्या गोष्टीशी. शिक्षण कशासाठी याबद्दल घरात बोलणं, आपली अपेक्षा स्पष्ट सांगणं, पुढच्या वाटा मुलासोबत बसून आखणं. ती मुलं बारावीपेक्षा लहान, मधल्या इयत्तांतली होती, हे इथं सांगायलाच हवं. पण त्या वयात जे हस्तक्षेपानं साधलं नाही ते सतराव्या वर्षी साधेल असं मानायला आधार काय? शिवाय पहारेकऱ्याला दिसतं ते फक्त बसणं. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली दाखवून दिलं की मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, आणि आठवडाभरानं मात्र ज्यांनी न बघता आठवून स्वतःची परीक्षा घेतली ते पुढे असतात. म्हणजे खरा उपयोगी अभ्यास बाहेरून रिकामटेकडेपणासारखा दिसतो. मूल पुस्तक मिटून भिंतीकडे बघत सूत्रं आठवत असतं, आणि दारातून हाक येते, ‘बसलायस काय नुसता?’ मग ते शहाणं होऊन पुस्तक उघडं ठेवतं आणि डोळे फिरवत राहतं.

मोबाईलचा प्रश्न खरा आहे, तो मी झटकत नाही. पण त्याच फोनवर सीईटीचे सराव पेपर आहेत, भौतिकशास्त्राची व्याख्यानं आहेत, अर्जाचा ओटीपीही तिथंच येतो. जप्तीनं यातलं काहीच सुटत नाही. रात्री फोन सगळ्यांचेच, आईवडिलांचेसुद्धा, बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लागतील असा नियम मुलाशी बोलून ठरवला तर तो टिकण्याची शक्यता जास्त. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून मांडलेली गोष्ट हीच आहे की स्वतः पत्करलेला नियम माणूस लादलेल्या नियमापेक्षा जास्त काळ पाळतो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते असं निद्रावैद्यकातले तज्ज्ञ सांगतात. पहाटे चारला उठवून चहा देणाऱ्या घरानं मूल रात्री किती वाजता झोपलं हे आधी पाहावं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. स्पर्धा एवढी असताना दबाव नको म्हणणं ही सुखवस्तूंची चैन आहे, असं म्हटलं जातं. आकडे भीतीदायक आहेत हे मान्य. २०२४ साली नीटला २३ लाखांहून अधिक मुलं बसली आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर. पण यावरून निघतं ते उलटंच. ज्या परीक्षेत बसलेल्यांपैकी बहुतेकांना जागा मिळणं गणितानंच अशक्य आहे, तिथं दुसरी वाट आधीपासून ठरवून ठेवणं हेच शहाणपण. अपेक्षा ठेवायला कुणाची हरकत नाही. वर सांगितलेल्या अभ्यासातही अपेक्षेचा फायदाच दिसला. ‘तुला जमेल, आणि हे नाही जमलं तर अमुक आहे’ ही अपेक्षा. ‘शेत विकून पाठवलंय, आता तोंड दाखवू नको’ हा दबाव. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रातले होते. सगळ्यांचं कारण परीक्षा नव्हतं, पण हा आकडा डोळ्यांसमोर ठेवून तरी दबावाला औषध म्हणणं थांबावं. मूल गप्प झालं, जेवणावरून उठायला लागलं, झोप उडाली, तर १४४१६ हा शासनाचा टेलिमानस क्रमांक आहे, आणि तिथं पालकांनीही फोन करायला कसली लाज नाही.

आता शहराच्या क्लासचं. गावात शिकवायला माणूस नाही, म्हणून पुणे किंवा लातूर, अशी मांडणी असते. काही कनिष्ठ महाविद्यालयांत विषयाचा शिक्षक वर्षभर नसतो, ही तक्रार खोटी नाही. पण अभियांत्रिकीसाठीची एमएचटी-सीईटी कशावर असते? राज्य मंडळाच्याच अभ्यासक्रमावर. सुमारे ८० टक्के भार बारावीचा, २० टक्के अकरावीचा. गणिताला १०० गुण, भौतिक आणि रसायनशास्त्राला ५०-५०, उणे गुण नाहीत. प्रश्न वरच्या पातळीचे असतात, वेळ कमी पडतो, पण धडे मंचर, ओतूर, नारायणगाव, जुन्नर, घोडेगाव इथल्या वर्गांत शिकवतात तेच. मग मुलानं नाव गावच्या कॉलेजात ठेवून हजेरी शहरातल्या क्लासला लावायची, यात प्रयोगशाळा बुडते, शिक्षकाशी ओळख तुटते, आणि सोळाव्या वर्षी घरच्या जेवणापासून दूर एका खोलीत तिघांसोबत राहण्याचा ताण वर येतो. कित्येकदा आईच भाड्यानं खोली घेऊन डबा करायला पुण्यात जाऊन बसते आणि घर दोन ठिकाणी फाटतं. नीटची तयारी गंभीरपणे करणाऱ्या, स्वतःहून जायचं म्हणणाऱ्या मुलाला पाठवावं, माझा विरोध नाही. पण बाकीच्यांसाठी तोच पैसा सराव परीक्षा, चांगली पुस्तकं आणि येण्याजाण्याची सोय यांवर जास्त कामी येईल. ही सोय किरकोळ समजू नये. बिबट्याच्या या मुलखात संध्याकाळच्या तासानंतर उसाच्या फडांमधून सायकलवर एकट्या मुलीला येऊ द्यायचं नसेल, तर तिला आणायला जाणं हीच बापाची बारावीतली सर्वांत मोठी मदत आहे.

आणि आता त्या कामाकडे येतो, जे पालकाशिवाय कुणीच करू शकत नाही. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश हवा असेल तर जातीचा दाखला पुरत नाही, वैधता प्रमाणपत्र लागतं, म्हणजे सगळे म्हणतात ती व्हॅलिडिटी. त्यासाठी पुरावा मागतात तो मुलाच्या जन्माच्या कितीतरी आधीचा. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. आजोबा-पणजोबा कुठल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन इयत्ता शिकले, तिथल्या जनरल रजिस्टरात जात काय लिहिली आहे, हे अकरावीतल्या पोराला कसं ठाऊक असणार? वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची व्हॅलिडिटी झाली असेल तर काम सोपं होतं. पण त्या चुलत्याशी बांधावरून पाच वर्षं बोलणं बंद असेल, तर त्याच्या दारात मुलानं नाही, बापानंच जायला हवं. आंबेगावच्या पश्चिमेला हा शोध आणखी अवघड. ज्या आंबेगाव गावावरून तालुक्याला नाव मिळालं, तेच गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. उठून गेलेल्या कुटुंबांना शाळेचं जुनं दप्तर कुठं हलवलं इथपासून विचारत यावं लागतं. महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांना पडताळणी समितीपुढे आपल्या चालीरीती, कुलदैवतं, बोली यांची उत्तरं देण्याची वेळ येते. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२३ मध्ये, ठाकूर जमातीच्या प्रकरणात, चालीरीतींवरून जमातीशी नातं तपासण्याचा हा निकष निर्णायक कसोटी मानता येणार नाही असं स्पष्ट केलं आणि जुन्या कागदाचं वजन वाढलं. हा निकाल घरातल्या मोठ्या माणसाला माहीत असणं हे मुलाच्या चार सराव पेपरांइतकंच मोलाचं आहे.

यावर लोक म्हणतात, दरवर्षी मुदतवाढ मिळतेच. मिळते, बहुतेकदा. पण ती समितीच्या उत्तराची वाट पाहण्यापुरती असते. न सापडलेलं रजिस्टर मुदतवाढीनं सापडत नाही, आणि मुदत संपली की उमेदवार खुल्या गटात जातो. नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, आधारवरचं आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव जुळणं, हे सगळं त्याच जून-जुलैत येतं, जेव्हा नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची आवक जोरात असते आणि घरातलं प्रत्येक माणूस क्रेट भरण्यात गुंतलेलं असतं. जुलै २०२३ मध्ये तिथं क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता. अशा आठवड्यात सेतू केंद्रावर रांग लावायला कोण जाणार? म्हणून ही कामं अकरावीच्या दिवाळीपासून काढायची.

पसंतीक्रमाचा अर्जही असाच दुर्लक्षित. सायबर कॅफेवाल्याला गुण सांगून ‘तुम्हीच भरा’ म्हणणं सर्रास चालतं. या अर्जाची रीत समजून घेतली तर भीती जाते. यंत्रणा गुणवत्ताक्रमानं जाते आणि तुमच्या यादीत वरून खाली बघत जी पहिली जागा तुमच्या गुणांत मिळते ती देते. वर मोठं कॉलेज टाकल्यानं खालचं हुकत नाही. तेव्हा क्रम कटऑफच्या नव्हे, मनापासूनच्या आवडीचा लावायचा. पण २०२५ च्या अभियांत्रिकी प्रवेशनियमांत पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसरीत पहिल्या तीन, तिसरीत पहिल्या सहा पसंतींतली जागा मिळाली तर ती बंधनकारक ठरली. म्हणजे वरच्या ओळींवर ‘बघू तरी’ म्हणून नाव टाकायचं नाही. अवसरी खुर्दचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय २००९ पासून आंबेगाव तालुक्यातच आहे. पुण्यातल्या खासगी कॉलेजची फी, खोली, मेस आणि घरापासून एसटीनं जाता येणारं हे कॉलेज, यांची तुलना कागदावर मांडून मुलासमोर ठेवायला हवी. अंतिम निवड त्याची, पण घरात किती पैसा आहे हे त्याला आकड्यात सांगणं पालकाचं कर्तव्य. लपवलेलं कर्ज पुढे मुलाच्याच मानेवर बसतं.

मुलींच्या बाबतीत तर हा हिशेब नव्यानंच करायला हवा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास गटांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांच्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ झालं, तेही केंद्रीय प्रवेशफेरीतून गेल्यासच. व्यवस्थापन कोट्याला ही सवलत नाही. ‘फी परवडत नाही’ हे कारण त्यामुळे बरंचसं संपलं. उरतो राहण्या-जेवणाचा खर्च. आदिवासी मुलामुलींना वसतिगृहात जागा नाही मिळाली तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना आहे आणि तिची चौकशी घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करता येते. मुलीचं लग्न जमवताना जेवढे हेलपाटे घालतो त्यातले निम्मे तिच्या प्रवेशासाठी घातले तरी पुष्कळ मुली आज घरी बसल्या नसत्या.

शेवटचा आक्षेप असा की आईवडीलच शिकलेले नाहीत, त्यांना पोर्टल काय कळणार? मी हे मानत नाही. २०२१ पासून याच शेतकऱ्यांनी फोनवर ई-पीक पाहणी भरली, फोटो चढवले. पीकविमा, सातबारा, उसाची नोंद, सोसायटीचं कर्ज हे सगळं ते सांभाळतात. ज्याला विघ्नहर किंवा भीमाशंकर कारखान्याच्या तोडणीचा क्रम पाठ असतो त्याला प्रवेशफेरीचा क्रम अवघड नाही. तो कुणी बसवून सांगितलेला नाही एवढंच. ते सांगण्याची जबाबदारी कनिष्ठ महाविद्यालयांची आहे, आणि ‘आमच्यावर आणखी भार’ हे त्यांचं उत्तर टिकणारं नाही. पडताळणीच्या अर्जाला प्राचार्यांचं पत्र तसंही लागतंच. अकरावीच्या दुसऱ्या सत्रात गावनिहाय एक दिवस ठरवून पालकांना बोलावलं, तहसीलचा माणूस आणि प्राथमिक शाळांचे मुख्याध्यापक जुनी रजिस्टरं घेऊन बसले, तर जुलैत एकेकट्यानं येणाऱ्या शेकडो धावपळींचं काम त्या दिवशी उरकतं. अभियांत्रिकीचे आणि फार्मसीचे नुकतेच प्रवेश घेतलेले विद्यार्थी गावोगाव आहेत. पसंतीअर्ज कसा भरतात हे दाखवायला त्यांच्याइतके चांगले शिक्षक दुसरे मिळणार नाहीत. या वर्षीच्या अकरावीपासून हे सुरू करायला कुठल्या नव्या शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.