विश्लेषण : ‘बोलेल की हळूहळू’ म्हणत किती दिवस थांबायचे?

मूल दोन वर्षांचे होते. हवी ती वस्तू मोठ्या माणसाचे बोट धरून नेऊन दाखवते, गाणे लागले की नाचते. पण बोलत मात्र नाही. मग घरात ठरलेली वाक्ये सुरू होतात. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचा बाबाही तीन वर्षांचा होईपर्यंत गप्पच होता’. कुणी जिभेला मधात उगाळलेले वेखंड लावायला सांगते. (एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊच नये, त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.) सांगणाऱ्यांच्या मनात वाईट काहीच नसते, पण या सल्ल्यांत वर्ष-दीड वर्ष सहज निघून जाते.

उशिरा बोलणारी बरीच मुले पुढे इतरांना गाठतात, हे खरेच आहे. अडचण एवढीच, की कोणते मूल गाठेल आणि कोणते मागे राहील, हे दोन वर्षांच्या वयात खात्रीने सांगता येत नाही. तपासणी केली आणि काहीच निघाले नाही, तर एक दुपार वाया गेली एवढेच. थांबण्याची किंमत याहून कितीतरी मोठी असू शकते.

बोलणे वेगळे, भाषा वेगळी

वाचादोष म्हटले की बहुतेकांना बोबडेपणा किंवा तोतरेपणा आठवतो. ‘काका’ला ‘ताता’ म्हणणे, ‘र’ आणि ‘ळ’ न जमणे हे उच्चारांचे प्रश्न. तीन वर्षांच्या मुलाच्या तोंडी ते गोडच वाटतात आणि पुष्कळदा वयानुसार सुटतात. शाळेत गेल्यावरही बाहेरच्यांना मुलाचे बोलणे कळत नसेल, तर मात्र उपचार लागतात. तोतरे बोलणाऱ्या मुलाला ‘सावकाश बोल, नीट बोल’ असे सतत सुनावल्याने काही साधत नाही. त्याचे वाक्य संपेपर्यंत शांतपणे ऐकणे जास्त उपयोगाचे.

भाषेचा दोष याहून फसवा असतो. उच्चार स्वच्छ असतात, पण ‘चप्पल बाहेर ठेव, हात धू आणि ताट घे’ एवढे सांगितले की मूल फक्त ताट घेऊन येते. शब्द आठवत नाहीत, वाक्ये तुटक येतात, गोष्ट सांगता येत नाही. ऐकू नीट येते, स्वमग्नता किंवा मतिमंदत्व असे दुसरे कारण सापडत नाही, तरीही भाषा मागे राहते. याला ‘डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर’ म्हणतात. इंग्लंडमध्ये 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शाळेत नव्याने दाखल झालेल्या मुलांपैकी सुमारे साडेसात टक्के मुलांत असा, कारण न सापडणारा भाषादोष आढळला. तीस मुलांच्या वर्गात साधारण दोन मुले. आपल्याकडे अशा मुलांच्या प्रगतिपुस्तकावर ‘लक्ष देत नाही’ असा शेरा पडतो आणि विषय तिथेच संपतो.

ताट वाजवून कान तपासता येत नाहीत

मूल बोलत नसेल तर सर्वांत आधी श्रवण तपासायला हवे. आणि इथेच घरोघरी मोठी चूक होते. पाठीमागे ताट वाजवायचे, मूल वळले की ‘कान ठीक आहेत’ असे जाहीर करायचे. पण श्रवणदोष म्हणजे पूर्ण बहिरेपणाच असे नाही. अनेक मुलांना ताट, दाराचा आवाज, ट्रकचा हॉर्न ऐकू येतो. ‘स’, ‘श’, ‘फ’ असे बारीक, उंच पट्टीतले आवाज मात्र पोहोचत नाहीत. अशा मुलाला शब्द अर्धेमुर्धे ऐकू येतात आणि जे ऐकूच येत नाही ते ते बोलणार कसे? वारंवार सर्दी होऊन कानाच्या पडद्यामागे पाणी साचले, तरी ऐकणे काही आठवडे कमी-जास्त होत राहते. पहिल्या महिन्यांतले ‘आऽऽ गूऽऽ’ हादेखील पुरावा नव्हे. ऐकू न येणारी बाळेही सुरुवातीला तसे आवाज काढतात.

ओएई आणि बेरा या चाचण्यांसाठी बाळाने उत्तर द्यावे लागत नाही. ते झोपलेले असताना त्या होतात. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू, असा जगभर मानला जाणारा दंडक आहे. बाळंतपणानंतर घरी सोडताना रुग्णालयाला ‘ओएई झाली का?’ एवढे विचारायला हवे.

पुढेही काही खुणा आहेत. वर्षाचे मूल बोट दाखवत नाही, ‘टाटा’ करत नाही, बडबडत नाही. सोळा महिने झाले तरी एकही शब्द नाही. दोन वर्षांनंतर ‘आई ये’, ‘पाणी दे’ अशी स्वतःची जोडवाक्ये नाहीत. किंवा आलेले शब्द कोणत्याही वयात गेले. यापैकी काहीही दिसले तर थांबू नये. ‘जीभ चिकटली आहे’ म्हणून ती कापून घेण्याचीही घाई नको. त्याने काही मुलांना दूध ओढायला मदत होते. न आलेले शब्द येत नाहीत.

मराठी सोडायचा सल्ला

घरात दोन भाषा असल्याने मूल गोंधळले, म्हणून आता फक्त इंग्रजीतच बोला, असे आजही काही शाळा पालकांना सांगतात. दोन भाषांमुळे भाषादोष होत नाही, हे संशोधनातून पुरेसे स्पष्ट झाले आहे. उलट आई-आजी मोडक्या इंग्रजीत चार आज्ञा देऊ लागल्या, की मुलाच्या कानावर पडणाऱ्या गप्पाच आटतात. शाळेच्या सोयीसाठी दिलेला हा सल्ला पालकांनी बिनदिक्कत नाकारावा.

मोबाइलचे थोडे वेगळे. दोन वर्षांखालील मुलांना, नातेवाइकांशी व्हिडीओ कॉल सोडल्यास, स्क्रीन नकोच, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे म्हणणे आहे आणि ते योग्य आहे. पण सगळा दोष मोबाइलवर टाकून ‘तो बंद करू, मग बघू’ म्हणणे हाही वाट पाहण्याचाच नवा प्रकार.

यंत्रणा आहे, पण कुठे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये पालघरमधूनच सुरू झाला. त्याच्या पथकांनी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करणे अपेक्षित आहे. भाषाविकासातील विलंब आणि श्रवणदोष दोन्ही त्यांच्या यादीत आहेत. पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. खासगी थेरपिस्टकडे जाताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी जरूर पाहावी.

कागदावर हे उत्तम. प्रत्यक्षात वाचा उपचार एका इंजेक्शनाने होत नाहीत. आठवड्याला एक-दोन वेळा, महिनोन्‌महिने जावे लागते. जिल्ह्याच्या टोकाच्या गावातील मजूर आईसाठी प्रत्येक खेपेला एसटीचे भाडे आणि एक दिवसाची मजुरी जाते. चार खेपांनंतर ती येईनाशी झाली, तर ‘पालक गंभीर नाहीत’ असे म्हणणे अन्यायाचे आहे. थेरपिस्टने ठरलेल्या वारी तालुक्याच्या रुग्णालयात बसणे, हे त्यावरचे साधे उत्तर.

कायद्यातही फट आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत ‘वाचा आणि भाषा दिव्यांगत्व’ आहे. पण त्याची व्याख्या स्वरयंत्र काढल्यानंतर किंवा मेंदूविकारामुळे येणाऱ्या कायमस्वरूपी दोषांसारख्या उदाहरणांवर बेतलेली आहे. लहानपणीच भाषा अडखळलेल्या, उपचारांनी सुधारू शकणाऱ्या मुलाला या चौकटीत बसवणे कठीण. त्याला शाळेत थोडा जास्त वेळ, सोप्या भाषेत सूचना आणि पाटीवर काढलेले चित्र एवढेच हवे असते. ते देण्यासाठी प्रमाणपत्राची अट घालायची की नाही, हे शिक्षण विभाग आजही ठरवू शकतो.