'डॉन'मधला विजय आणि आपल्या वस्तीतला संशयित

'डॉन' न पाहिलेला माणूस आपल्या वस्तीत शोधूनच काढावा लागेल. १९७८ साली आलेला हा सिनेमा. चंद्रा बारोट यांचे दिग्दर्शन, सलीम-जावेद यांची पटकथा, अमिताभ बच्चन यांची दुहेरी भूमिका. लग्नाच्या वरातीत त्याची गाणी अजून वाजतात. पोरांच्या स्टेटसला त्याचे संवाद असतात. रिक्षाच्या मागच्या काचेवर 'डॉन' अशी अक्षरे दिसतात.

पण हा सिनेमा डॉनचा नाही. डॉन पहिल्या तासाभरातच मरतो. उरलेला सगळा सिनेमा विजयचा आहे. मुंबईच्या रस्त्यावर गाणी म्हणून, नाचून पोट भरणारा, दोन अनाथ लेकरांना सांभाळणारा, उत्तर प्रदेशातून आलेला गरीब माणूस. त्याचा दोष एकच, त्याचा चेहरा एका कुख्यात गुन्हेगारासारखा आहे. मग काचेवर डॉनचे नाव का, आणि विजयचे का नाही? आम्हाला हा प्रश्न करमणुकीपुरता वाटत नाही. कारण आपल्या वस्त्यांमध्ये डॉन शोधून सापडणार नाही, पण विजय मात्र घरटी एक सापडेल.

आधी कथा नीट आठवू या. पोलिसांच्या पाठलागात जखमी झालेला डॉन डीएसपी डिसिल्व्हांच्या समोर मरतो. ते त्याला गुपचूप पुरतात आणि विजयला डॉन बनवून टोळीत पाठवतात. ही गोष्ट कोणत्याही फायलीत नाही, कोणत्याही वरिष्ठाला माहीत नाही. विजय टोळीची डायरी मिळवतो आणि त्याच गडबडीत डिसिल्व्हा मारले जातात. आता पोलिसांच्या लेखी तो डॉन आहे आणि टोळीच्या लेखी दगाबाज. रोमाला सत्य कळलेले आहे, पण ती स्वतः टोळीत वावरलेली. तिचा शब्द कोण ऐकणार?

या कथेतल्या दोन गोष्टी तीन तासांच्या धामधुमीत आपल्या नजरेतून निसटतात.

पहिली गोष्ट शाळेची. विजय हे जिवावरचे काम का स्वीकारतो? डिसिल्व्हा त्याला सांगतात की त्या दोन लेकरांना आम्ही शाळेत घालू. प्रेक्षकाला साहेबांचा मोठेपणा दिसतो. आम्हाला मात्र संविधान आठवते. चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्यासाठी राज्याने संविधान लागू झाल्यापासून दहा वर्षांत प्रयत्न करावा, असे मूळ कलम ४५ सांगत होते. म्हणजे १९६० पर्यंत. सिनेमा १९७८ चा आहे. शासनाने अठरा वर्षे थकवलेली गोष्ट शासनाचाच अधिकारी एका गरिबाला जिवाच्या बदल्यात देऊ करतो, आणि तो गरीब हात जोडून उपकार मानतो! हक्क आणि उपकार यांतला फरक पुसला गेला की माणूस कसा वापरला जातो, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसेल? शिक्षण मूलभूत हक्क व्हायला २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती यावी लागली आणि त्याचा कायदा २००९ मध्ये झाला. तरीही 'पोराला शाळेत घालतो, तेवढे आमचे काम कर' असे म्हणणारे साहेब, शेठ आणि नगरसेवक आजही भेटतात.

दुसरी गोष्ट कागदाची. विजय निर्दोष आहे हे सत्य एका चांगल्या अधिकाऱ्याच्या डोक्यात होते. अधिकारी गेला, सत्य गेले. चांगल्या माणसावर भरवसा ठेवू नये असे आमचे म्हणणे नाही. पण ज्याचे अस्तित्व दुसऱ्याच्या शब्दावर टिकलेले असते तो नागरिक नसतो, आश्रित असतो. बाबासाहेबांनी आयुष्यभर लेखी, कायद्याने बांधलेल्या, न्यायालयात मागता येतील अशा हक्कांसाठी लढा दिला, तो याचसाठी. सज्जनांच्या सद्भावनेवर समाज सोडून द्यायचा असता तर संविधानाची गरज काय होती?

इथे काही मित्र म्हणतील, अहो, हा मसाला सिनेमा आहे, त्यात एवढे काय शोधता? करमणूक म्हणून आम्हीही तो आवडीने पाहिला आहे, आणि सलीम-जावेद यांची सहानुभूती विजयच्या बाजूने आहे हे मान्यच आहे. पण सिनेमा 'चुकीची ओळख' हा प्रकार ज्या पद्धतीने मांडतो, ती पद्धत तपासावी लागेल. सिनेमात ओळख चुकते ती योगायोगाने. दोन माणसांचे चेहरे सारखे निघाले, बस्स. लाखात एखाद्याच्या वाट्याला येणारी गोष्ट. शेवटी डायरी पोलिसांच्या हाती लागते, खरा गुन्हेगार पकडला जातो, विजय सुटतो आणि दिवे लागतात.

आपल्याकडे मात्र ओळख चेहऱ्यावरून चुकत नाही. ती जातीवरून, आडनावावरून, वस्तीच्या पत्त्यावरून आधीच ठरवलेली असते. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढे तो देशभर पसरवला. ज्या जमातीचे नाव यादीत आले त्या जमातीत जन्मलेले मूल जन्मतःच संशयित. पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला परवानगी, तारेच्या कुंपणातली वसाहत. सोलापुरात 'सेटलमेंट' हा शब्द आजही लोकांच्या तोंडी आहे, तो तिथलाच. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द झाला. त्याची जागा सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी घेतली आणि पोलिसांच्या मनातली यादी तशीच राहिली.

हे पाप फक्त इंग्रजांचे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत अस्पृश्य, आदिवासी आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमाती हे तीन वर्ग एका ओळीत ठेवले, आणि ज्या संस्कृतीने असे वर्ग निर्माण केले तिला संस्कृती म्हणावे का, असा सवाल केला. जन्मावरून धंदा ठरवणारी व्यवस्था जन्मावरून गुन्हाही ठरवू शकते. इंग्रजांनी त्यावर शिक्का मारला, इतकेच.

आणखी एक गंमत पाहा. सिनेमातला जसजीत सर्कशीत दोरीवरून चालणारा. विजय रस्त्यावर खेळ करणारा. महाराष्ट्रात दोरीवरची कसरत करून पोट भरणारे कोण? डोंबारी. रस्त्यावर खेळ करणारे कोण? गोपाळ, नंदीवाले. हे सगळे आपल्या राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत आहेत. सिनेमाने कला घेतली, जात गाळली. जात गाळली की संशय हा योगायोग वाटू लागतो.

आता पडद्यावरून खाली उतरू या. जून २००३. एका शेतमजूर कुटुंबावर रात्री भयानक हल्ला झाला. खून झाले, बलात्कार झाले. गुन्हा इतका क्रूर होता की आरोपी लवकर सापडणे सगळ्यांनाच हवे होते. वाचलेल्या महिलेने पोलिसांच्या अल्बममधल्या फोटोंवरून चार जणांना ओळखले. पण खटला चालला तो भलत्याच सहा जणांवर. हे सहाही जण भटक्या जमातीचे, मजुरी करणारे, अत्यंत गरीब. २००६ मध्ये त्यांना फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली होती, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. त्यांपैकी एक जण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता.

पुढे त्याच सर्वोच्च न्यायालयाने आपला निकाल मागे घेतला, प्रकरण पुन्हा ऐकले आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडले. ज्या चौघांना ओळखले गेले होते त्यांच्यावर खटला का नाही, हा प्रश्न न्यायालयानेच विचारला. आरोपी गरीब आणि भटक्या जमातीचे असल्याने त्यांना खोटे गुंतवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असेही नोंदवले. प्रत्येकी पाच लाखांची भरपाई आणि जबाबदार अधिकाऱ्यांवर खातेनिहाय कारवाईचा आदेश दिला.

हिशोब करा. जवळपास सोळा वर्षे. विजयची सुटका तीन तासांत होते, यांची सोळा वर्षांत झाली. आणि त्या पीडित कुटुंबाचे काय? त्यांना न्याय मिळाला का? चुकीचा माणूस आत जातो तेव्हा बरोबर माणूस बाहेर मोकळा राहतो. म्हणून चुकीची ओळख हा आरोपीइतकाच पीडितावरही अन्याय आहे. ते कुटुंबही मजुरी करणारेच होते, हे विसरू नका.

सिनेमाचा एक धागा इथे फार नेमका बसतो. 'डॉन'मध्ये टोळीचा खरा सूत्रधार वरदान हा इंटरपोलचा अधिकारी बनून तपासाच्या खुर्चीवरच बसलेला असतो. कोण गुन्हेगार आणि कोण निर्दोष, हे ठरवण्याची ताकद ज्याच्या हातात, तोच गुन्हेगार. प्रत्येक अधिकारी तसा असतो असे आम्ही म्हणत नाही, तसे म्हणणे अन्यायाचे होईल. पण ओळख ठरवणारी खुर्ची कोणाकडे आहे आणि तिला जाब कोण विचारतो, हाच संघटित गुन्हेगारीइतका महत्त्वाचा प्रश्न आहे. महाराष्ट्राने १९९९ साली संघटित गुन्हेगारीविरुद्ध 'मकोका' आणला. साध्या कायद्यात पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा ठरत नाही, मकोकात ठराविक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा ठरतो. म्हणजे पुन्हा एका साहेबाचा शब्द! टोळ्यांचा बंदोबस्त झालाच पाहिजे, टोळीचा पहिला बळी आपल्याच वस्तीतला पोरगा असतो. पण साहेबाच्या शब्दाला जितके वजन वाढते तितकी विजयसाठी जागा कमी होते.

आणि सिनेमाही बदलत गेला. २००६ मध्ये फरहान अख्तर यांनी 'डॉन' पुन्हा केला, शाहरुख खानला घेऊन. त्यात शेवटी कळते की विजय कधीच मेला, त्याच्या जागी इतका वेळ डॉनच वावरत होता. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. २०११ च्या दुसऱ्या भागात तर विजयची गरजच उरली नाही. १९७८ मध्ये गरीब माणूस निदान स्वतःच्या नावाने घरी परतत होता. २००६ मध्ये त्याच्या मरणावर गुन्हेगाराचा रुबाब उभा राहिला आणि आपल्याला तो आवडला.

तरुण मित्रांनो, आमचा मुद्दा इथे तुमच्याशी आहे. कोयता घेऊन रील टाकणारा पोरगा स्वतःला डॉन समजतो. पण पोलीस ठाण्यात त्याची नोंद होते ती विजय म्हणून, सहज उचलता येणारा माणूस म्हणून. उद्या कुठेही काही घडले, सण आला, निवडणूक आली, की प्रतिबंधक कारवाईच्या यादीत त्याचे नाव, मग तडीपारीची नोटीस. त्याच्यामागे त्याच्या गल्लीतल्या अभ्यास करणाऱ्या चार पोरांचीही नावे. खऱ्या डॉनला रील टाकावी लागत नाही. त्याच्याकडे वकील असतात.

मग करायचे काय? तीन गोष्टी.

एक, कागद. अटक झालेल्याला कारण सांगणे, वकील भेटू देणे, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे हे कलम २२ चे बंधन आहे. कोठडीतल्या माणसाला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्याने. ओळखपरेडच्या आधी चेहरा किंवा फोटो साक्षीदाराला दाखवला असेल तर ते तिथेच दंडाधिकाऱ्याला सांगा, वकिलाला लिहून द्या. त्या दिवशी पोरगा कुठे होता याचा पुरावा, मग तो कामाचा मस्टर असो की दवाखान्याचा केसपेपर, पहिल्याच आठवड्यात गोळा करा. नंतर तो सापडत नाही.

दोन, आपले-परके सोडा. खोट्या फौजदारी खटल्यात गुंतवणे हा ॲट्रॉसिटी कायद्यात गुन्हा आहे, पण महाराष्ट्रातल्या बहुतेक विमुक्त-भटक्या जमाती अनुसूचित यादीत नाहीत, म्हणून त्यांना हे कवच नाही. पालावर धाड पडते तेव्हा 'ते आपल्यातले नाहीत' म्हणून आपला कार्यकर्ता घरी बसतो. बाबासाहेबांनी एका ओळीत ठेवलेले समाज आपण वेगळे का करतो?

तीन, मिळालेला निकाल वापरा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली जातीवरची कामवाटणी घटनाबाह्य ठरवली आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये म्हणून पोलिसांनाही निर्देश दिले. या निकालाची प्रत तुमच्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यात नेऊन दिली का? पोहोच घेतली का?

सिनेमा जरूर पाहा. पण पुढच्या वेळी पाहताना डॉनच्या चालीकडे नको, विजयच्या रिकाम्या हातांकडे बघा. त्या हातात एक कागद असता तर सिनेमा मध्यंतरालाच संपला असता. तो कागद लिहिणे हेच आपले काम आहे.

जय भीम! जय संविधान!