‘माणूस पाहताच कळतो’ !

‘‘पदव्या पुष्कळांकडे असतात, पण माणूस समोर बसला की पाच मिनिटांत कळतो,’’ असे नोकरभरती करणारे अधिकारी अभिमानाने सांगत असतात. या दिव्यदृष्टीला ते अंतःप्रेरणा म्हणतात. तिचा हिशेब मात्र कोणी मागावयाचा नाही !

कामगारवर्गाला ही दृष्टी नवी नाही. मुंबईच्या गिरण्यांत जॉबरच्या मर्जीने भरती होई आणि ती मर्जी दस्तुरीने प्रसन्न होई. विणखात्यात तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या अधिक पगाराच्या खात्यात मज्जाव होता. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडला. अन्याय केवळ मालकाचा नव्हता, सहकामगारांचाही होता.

जॉबर गेला, त्याची नजर उरली. सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे अर्ज धाडले होते. फरक फक्त नावांचा. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत पुढील बोलावणे येण्याची शक्यता दलित नावाला सुमारे दोन-तृतीयांश, मुस्लिम नावाला एक-तृतीयांश निघाली. येथे माणूस समोर बसलाच नव्हता. तरी अंतःप्रेरणेने कौल दिला होता!

तारतम्य नकोच, असे आमचे म्हणणे नाही. परिचारिकेचा धीर किंवा शिक्षकाची तळमळ गुणपत्रिकेत दिसत नाही. परंतु तारतम्याला आपली कारणे उघड मांडता येतात; पूर्वग्रह ती लपवितो. हरियाणाच्या सरकारी सेवाभरतीत तोंडी परीक्षेला ठेवलेले २२.२ टक्के गुणही सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली अशोककुमार यादव खटल्यात अवाजवी ठरविले. खासगी मालकाच्या मर्जीला असे टक्केवारीचे कुंपण नाही.

म्हणून मागणी स्पष्ट हवी : निवडीच्या कसोट्या जाहिरातीतच छापा, सर्वांना तेच प्रश्न विचारा, गुण व कारणे लिहून ठेवा आणि नाकारलेल्या उमेदवाराला ती पाहू द्या. या मागणीचा आरंभ आपल्या घरापासून व्हावा. सहकारी वा शिक्षणसंस्थेत ‘आपला माणूस’ म्हणून नेमणुका करणाऱ्या कार्यकर्त्याला मालकाच्या मर्जीविरुद्ध बोलण्याचा कोणता नैतिक अधिकार उरतो ? जॉबरशाही लाल टोपी घालून आली, तरी ती जॉबरशाहीच !