गतकाळाची ओढ

मनुष्य वर्तमानात वावरतो; परंतु त्याचे मन पुन्हा पुन्हा मागे वळते. गेलेल्या दिवसांच्या या ओढीला स्मरणरंजन असे म्हणतात. जीवनाची गती जसजशी वाढते, तसतशी ही ओढही बळावते. ती कितपत हितकर आहे, याचा विचार एका उदाहरणावरून करता येईल.

भारतात १८५० साली कलकत्ता आणि डायमंड हार्बर यांच्या दरम्यान पहिली तारयंत्राची वाट तयार झाली. पुढे देशभर तारघरे उघडली. दूरध्वनी आणि नंतर मोबाइल घरोघर पोहोचल्यावर मात्र तारेची गरज उरली नाही. १४ जुलै २०१३ हा सार्वजनिक तारसेवेचा अखेरचा दिवस ठरला. त्या दिवशी अनेक शहरांतील तारघरांत लोकांनी गर्दी केली. कोणी आप्तांना तार केली, कोणी मित्रांना. एक आठवण जपून ठेवावी, एवढाच त्यांचा हेतू होता. त्यांतील कित्येकांची ती आयुष्यातील पहिलीच तार होती!

हे प्रेम खोटे नव्हते. पण ते अपुरे होते. पूर्वी दारात तारवाला दिसला, की घरातील माणसांच्या छातीत धस्स होई. कारण पुष्कळदा तार आजारपणाची किंवा मृत्यूची वार्ता घेऊन येई. ज्यांना वाचता येत नसे, त्यांना ती वाचून घेण्यासाठी दुसऱ्याच्या दारी धावावे लागे. स्मरणरंजन ही धास्ती विसरते आणि गोड तेवढेच जवळ ठेवते. म्हणूनच पूर्वीचे सारे चांगले आणि आताचे सारे वाईट, असा निवाडा सुज्ञाने करू नये.

मग गतकाळातून घ्यावे तरी काय? तारेला शब्दागणिक पैसे पडत. त्यामुळे लिहिणारा प्रत्येक शब्द तोलून लिहीत असे. आज एका क्षणात शेकडो शब्द पाठविता येतात. रागाच्या भरात पाठविलेला एखादाच शब्द मित्राचे मन दुखावतो. मागाहून तो पुसला, तरी मनातून पुसला जात नाही. तारेसाठी हळहळत बसण्यापेक्षा तिने शिकविलेला हा संयम अंगी बाणविणे अधिक श्रेयस्कर होय.

मागे वळून पाहण्यात वावगे काही नाही. मात्र पाहून झाल्यावर पावले पुढेच पडली पाहिजेत.