भट्टीचा धूर आणि कारागिराची छाती

नान-खलिया ही औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, जुनी ओळख. पण लाकडाच्या भट्टीवर वाकून नान लावणारा कारागीर रोज किती धूर छातीत घेतो, याचा विचार आम्ही धंदेवाले करीत नाही. त्याला खोकला, कफ झाला की ‘भट्टीचा खोकला’ म्हणून सोडून देतो.

विडी न ओढणाऱ्यालाही हा श्वसनविकार होतो. लाकूड-गोवऱ्यांचा धूर हे त्याचे जगातील सर्वांत मोठे कारण असू शकते, असे पुण्याचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. धुराने श्वासनलिका सुजून अरुंद होतात. औषधाने धाप कमी होते. गेलेली ताकद परत येत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये तेथील लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. तो आदेश मुंबईपुरता होता. आपण आदेशाची वाट का पाहावी?

गॅस महाग पडतो, चव बदलते, ही तक्रार खोटी नाही. लहान भट्टीवाल्याला त्यासाठी स्वस्त कर्ज मिळालेच पाहिजे. पण लाकडाच्या हिशेबात कारागिराचे बुडालेले रोज आणि दवाखान्याचा खर्च आम्ही कधी धरला काय?

तोवर सुकी लाकडे, उंच धुराडे, खेळती हवा आणि वर्षातून एकदा नळीत फुंकून होणारी श्वासाची तपासणी एवढे तरी मालकांनी स्वतःच्या खर्चाने करावे. उस्ताद धापेने घरी बसला, तर भट्टी कोण चालवणार?